पाटणकरांचा गुडघा

१२ नोव्हेंबर, मंगळवार. अष्टमी (रोहा)

विद्याला फोनवर सांगितलं, पाटणकर आज फिरायला आले नाहीत, गुडघा धरलाय. ती म्हणाली, "अरेरे. थंडी सुरू झाली ना." मी म्हटलं, हो.

पाटणकर नावाचं कुणी नाही.

सप्टेंबरात तिनं विचारलं होतं, "कुणी भेटलं का रे तिकडे?" त्या दिवशी मी पुलावर एकटाच जाऊन एकटाच परत आलो होतो. म्हटलं, हो, सकाळी चौघं जण असतो आम्ही. चौघं म्हटल्यावर नावं आली. पाटणकर, निवृत्त बँकवाले. बेलोसे सर. आणि मोकाशी. मोकाशींना फारसं बोलायला लावलेलं नाही. रोज तिघांचे संवाद रचायचे म्हणजे काम वाढतं.

मस्कतला सव्वीस वर्षं पेपरच्या डेस्कवर होतो. जागेवर न जाता रंगवून लिहिलेली बातमी कधी पानात घेतली नाही. अशा पोरांना कॉपी, म्हणजे लिहिलेला मजकूर, परत केली आहे, सगळ्यांसमोर.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

काय ठरलं होतं ते एकदा लिहून ठेवतो.

मी २ सप्टेंबरला पुढे आलो. विद्याची शाळेतली नोकरी मार्चअखेर संपते. तिथल्या भारतीय शाळेत ती ग्रंथपाल. मग ती येणार. फ्लॅट तिनंच पसंत केलेला, अष्टमीत, दुसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून कुंडलिका नदी दिसते आणि तिचं पेणचं माहेर तासाभरावर. ठरलं होतं, सगळं कमी करायचं. एक कपाट, एक टेबल, पुस्तकं, चालणं. मुंबई नको, पुणं नको. जिथे कुणी ओळखत नाही आणि कुणाला घाई नाही असं गाव.

व्हिसा अजून जिवंत आहे. आमचे संपादक कुरियन म्हणाले, रद्द करू नकोस, दार नुसतं लोटून ठेव. पण सहा महिने बाहेर राहिलं की तो आपोआप मरतो. म्हणजे १ मार्च. त्याच्या आत पाऊल टाकलं तर ठीक, नाहीतर पुढे पाहुणा म्हणूनच जायचं.

साधं आयुष्य खरोखरच साधं आहे. सकाळी नऊला उरकतं. दुपारी चारला, जेव्हा डेस्कवर पहिलं पान मांडायला घ्यायचो, तेव्हा हात उगाच टेबलावर काहीतरी शोधतात.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

पुलाच्या अष्टमीकडच्या टोकाला भाजीवाल्या बसतात. त्यांतली एक सोमी. निडीजवळच्या कातकरी वाडीवरून गाडीनं येते. पन्नाशीची असेल. फडक्यावर भाजीचे वाटे मांडलेले. मी म्हटलं, अर्धा वाटा दे.

"अर्धा कसा देव? रायलेला अर्धा कोन घेल?"

"एकटा आहे गं. पुरा वाटा वाया जातो."

तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बायको?"

"मस्कतला. परदेशात."

"आनि तुमी हितं?" शेजारणीकडे वळून म्हणाली, "आयकलास काय गो, लोकांच्या बायका हितं आनि दादले तिकडं. यांचं उलटं."

दोघी हसल्या. मीही हसलो. पुरा वाटा घेतला. आज दिवसभरात बोललो ते एवढंच. फोन सोडून.

२४ नोव्हेंबर, रविवार

वि.च्या शाळेतल्या एक बाई महाडला जाताना स्टेशनवर पिशवी देऊन गेल्या. खजूर, माझा चष्मा आणि तेलाची बाटली. बाटलीवर वि.च्या अक्षरात चिठ्ठी: "पाटणकरांसाठी. झोपताना लावायचं, चोळायचं नाही, नुसतं मुरवायचं."

बाटली मांडणीवर ठेवली आहे. चहा करताना समोरच येते.

१ डिसेंबर, रविवार. पेण

दिनूभाऊंकडे जेवायला. वि.चा थोरला भाऊ, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त. घरची शेती होती ती आता खंडानं दिलेली. घरासमोरच गणपतीचा कारखाना आहे. पडवीत पांढरे गणपती ओळीनं वाळत होते, अजून रंग नाही. परदेशचे आधी करतात, बोटीला वेळ लागतो म्हणून.

दिनूभाऊ म्हणाले, "बघा जावईबापू, आमचे गणपती हातपाय वाळले की परदेशी पळतात. तुम्ही तेवढे उलट्या बोटीनं आलात."

मग ताटावर, वाढता वाढता: "बरं झालं हो, विद्यानं नोकरी दोन वर्षं वाढवून घेतली ते. साठीला सुटेल एकदम."

मी भात कालवत होतो. कालवत राहिलो. म्हटलं, हो, बरंच झालं.

मला माहीत नव्हतं.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. नागोठणं, मग निडी, मग रोहा. निडीला दोन बायका मोकळ्या टोपल्या घेऊन उतरल्या. एवढंच पाहिलं.

४ डिसेंबर, बुधवार

वि.नं फोनवर काही सांगितलं नाही. मी विचारलं नाही. दुसऱ्या माणसाकडून खात्री होईपर्यंत बातमी छापायची नाही, ही सवय. पण इथे दुसरा माणूस तीच.

तिनं बैठकीच्या खिडक्यांची मापं मागितली. पडद्यांसाठी. दोन वर्षं यायचं नसेल तर पडदे कशाला? मापं घेतली, पाठवली. सेंटिमीटरमध्ये, खाली तारीख टाकून.

बेलोसे सर कसे आहेत, विचारत होती. म्हटलं, मजेत.

१७ डिसेंबर, मंगळवार

बाजारात वालाच्या शेंगा आल्या. सोमीच्या फडक्यावर मोठा ढीग. फोनवर वि.ला बोलून गेलो आणि ती एकदम पेणची झाली. "पोपटी लावलीत की नाही? भांबुर्डीचा वास आला बघ मला इथे."

पोपटी म्हणजे मडक्यात पाला घालून भाजलेल्या शेंगा, तिकडची थंडीतली मेजवानी. म्हटलं, रविवारी लावतोय. पाटणकरांच्या वाडीत.

"मला व्हिडिओवर दाखव. माणसं पण दाखव. एकदा बघू देत तुझी चौकडी."

आता तीन माणसं कुठून आणू?

२२ डिसेंबर, रविवार

सगळं रीतसर केलं. छोटं मडकं आणलं, एका माणसापुरतं. शेंगा, दोन बटाटे, एक अंडं, ओवा, मीठ. भांबुर्डी समजून नदीकाठचा पाला तोडून आणला. इमारतीच्या गच्चीवर विटा मांडल्या, मडकं उपडं घातलं, पेंढा पेटवला.

अर्ध्या तासानं उघडलं तर शेंगा कोळसा, बटाटे कच्चे, अंडं फुटलेलं. पाल्याचा वास औषधासारखा. तळमजल्यावरचे कंपनीवाले गृहस्थ धूर बघून वर आले. फर्स्ट शिफ्ट करून झोपले होते. म्हणाले, "काका, आग लागली वाटलं." मी म्हटलं, पोपटी. त्यांनी मडक्यात वाकून पाहिलं आणि परत झोपायला गेले. भला माणूस.

वि.चा फोन आला तेव्हा म्हटलं, वाडीत रेंज नाही. मी गच्ची झाडत होतो.

२३ डिसेंबर, सोमवार

सोमीला सांगितलं. इथे खोटं बोलायचं काही कारण नव्हतं.

"कवढा मडका घेतलाव?"

हातानं दाखवलं.

"त्यात पोपटी?" ती इतकी हसली की गिऱ्हाईक थांबलं. "आनि भरलाव किती? अर्धा? दादा, मडका तोंडापरत दाबून भरायला लागते. मोकळा रायला का करपला. एकल्याची पोपटी नाय होत. कुनी लावीत पन नाय."

पाला कसला होता, विचारलं. वर्णन केलं. "ती भांबुर्डी नाय. ती बकरी पन नाय खात."

मग शेंगा मोजता मोजता, माझ्याकडे न बघता: "पौषात आमी वाडीव लावताव. या. अंडी घेऊन या, आमच्या कोंबड्या खुडूक बसल्यात."

२ जानेवारी, गुरुवार

वर्ष बदललं. कुरियनचा फोन. रात्रपाळीला माणूस नाही, तुझी खुर्ची अजून रिकामी आहे. मग, "हाऊ इज द सिंपल लाइफ?" म्हटलं, सिंपल. ते हसले नाहीत. सव्वीस वर्षं माझी कॉपी वाचलेला माणूस.

१२ जानेवारी, रविवार

दुपारच्या गाडीनं निडीला. रोह्यापासून पहिलंच स्टेशन. दीड डझन अंडी आणि बटाटे. सोमीची सून जनी घ्यायला आली होती. रस्ताभर ती पुढे, मी मागे, अंडी सांभाळत.

पाटीएवढं मडकं. तळाला भांबुर्डी, मग शेंगा, मग बाकी सगळं, वर पुन्हा शेंगा. सोमी मुठीनं दाबत होती, मध्येच मडकं आपटून बसवत होती. मला वाटलं भरलं. ती म्हणाली, "आजून तुमचं बटाटं जातील." गेले. तोंडाला पाल्याचा बोळा, मडकं उपडं, वर पेंढा आणि गोवऱ्या. मला काम दिलं: वाऱ्याच्या बाजूला बसून पेंढा टाकायचा. जमिनीवर उकिडवा बसलो. साठीनंतर उकिडवं बसायला नको.

माझ्याशी फारसं कुणी बोललं नाही. त्या आपसांत बोलत होत्या. मुकादम येऊन गेला त्याबद्दल, कुणाच्या तरी लग्नाबद्दल. मी नुसता होतो. चार महिन्यांत पहिल्यांदा काही रचावं लागलं नाही.

शेवटी सोमीनं मडक्यावर पाण्याचा हबका मारला. चर्र झालं. "झाली." मडकं उचकटून जमिनीवर पसरलेल्या पेपरावर ओतलं. शेंगांखाली अर्धा मथळा दिसत होता. सवयीनं वाचला. चूक होती त्यात एक. आयुष्यात पहिल्यांदा चूक दिसली आणि खात राहिलो.

जनीनं विचारलं, "काकू कदी येनार?"

सोमी म्हणाली, "तिला मायती असंल तं सांगल ना."

संध्याकाळच्या मेमू गाडीनं परत. पिशवीत उरलेल्या शेंगा, पेपरात बांधलेल्या, अजून गरम. गुडघे सुन्न.

१४ जानेवारी, मंगळवार

वि.ला सांगितलं. सगळं. पाटणकर नाहीत, बेलोसे सर नाहीत, मोकाशी नाहीत. गच्चीवरचं मडकं. निडी खरं.

 

"म्हणजे पाटणकर नाहीतच?"

"नाहीत."

"मी तेल पाठवलं होतं रे त्यांना."

"आहे. मांडणीवर."

"शाळेत स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलंय मी त्यांचं. परवा एकीनं विचारलं, ऑपरेशन करणार का म्हणून."

मला हसू आलं, तिला नाही. मग ती म्हणाली, "मला तुला सांगायचं होतं, मी दोन वर्षं—"

"माहीत आहे. दिनूभाऊ बोलले. डिसेंबरात."

"आणि तू दीड महिना गप्प?"

"तू दोन महिने."

 मग, अगदी हळू आवाजात: "तू रमलास असं वाटलं मला. रोज इतकं छान सांगायचास. म्हटलं, मग माझी घाई कशाला? म्हणून सही केली, माधव."

माझी सगळ्यांत चांगली कॉपी. वाचकानं शब्द न् शब्द खरा मानला.

२० जानेवारी, सोमवार

सहा दिवस फोन नाही. "बरी आहे" एवढा मेसेज. मीही "बरा". आठ वाजता फोन घेऊन खिडकीशी बसतो, ती वेळ झाली की. तिथे साडेसहा झालेले असतात. ती चहा घेत असेल.

पुलावर तिघं फिरताना दिसतात हल्ली, टोप्या घालून. त्यांच्यातला एक लंगडतो. ओळख करून घ्यावी असं वाटलं. घेतली नाही. काय म्हणून हाक मारली असती?

२ फेब्रुवारी, रविवार

वि.चा फोन. तयारी करून बोलत होती, कळत होतं.

म्हणाली, फेब्रुवारीअखेरपर्यंत शाळेला कळवलं तर सही मागे घेता येते. पण. "मला काम आवडतं रे. पोरं माझ्याकडे येतात. तीस वर्षं तुझ्या शिफ्टवर घर चालवलं मी. तू झोपलास की कुकर लावायचा नाही. आता पहिल्यांदा घरात आवाज करते."

म्हटलं, मान्य.

"मान्य काय? तुला काय हवंय?"

मी उठून खिडकी लावून घेतली.

"पाच महिन्यांत एकदा तरी म्हणालास, ये? पडद्यांची मापं पाठवलीस. खाली तारीख घालून."

हे खरं आहे. का म्हटलं नाही ते लिहितो, कारण तिला नीट सांगता आलं नाही. मी ये म्हटलं तर ती येईल. आणि मग हे एकतिसावं, बत्तिसावं वर्षही माझ्याच शिफ्टवर. म्हणून छान छान बातम्या दिल्या, म्हणजे आली तर स्वतःच्या मनानं येईल. आणि त्या बातम्यांमुळेच तिनं न यायचं ठरवलं.

फोन ठेवताना म्हणाली, "रोज काय झालं ते पाठव. बातमी पाठव, लेख नको. मग बघू."

९ फेब्रुवारी, रविवार

रोजच्या बातम्या चालू आहेत. आजची: "उठलो ६. चहा. पुलावर गेलो, एकटा. वरच्या धरणातून पाणी सुटलं होतं, नदी भरलेली. दुपारी झोप नाही. कुणाशी बोललो: सोमी, दूधवाला."

वि.चं उत्तर: "दूधवाला काय म्हणाला?"

"उद्या येणार नाही."

एवढंच. पण ती रोज वाचते. आणि तिच्याही येतात. "आज पुस्तकं मोजली. रडले नाही. जेवताना तुझी खुर्ची भिंतीला लावली, अडखळायला होतं."

१६ फेब्रुवारी, रविवार. पेण

दिनूभाऊंना सगळं कळलं आहे. चिडले असतील वाटलं होतं. म्हणाले, "मी पण फसलो हो. मोकाशी कोण ते शोधत होतो, आमच्या बॅचला एक मोकाशी होता रोह्याचा." मग गंभीर झाले. "विद्या लहानपणापासून अशीच. मागितल्याशिवाय देत नाही, आणि मागितलं तर ठेवून घेत नाही. तुम्ही मागून बघा."

समोरच्या कारखान्यात पेटाऱ्यांत पेंढा भरत होते. परदेशचे गणपती निघाले.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कुरियननी न विचारता शुक्रवार २८ची संध्याकाळची विमानाची जागा धरून ठेवली आहे, मुंबईहून. १ मार्चच्या एक दिवस आधी पोचतो. "यू हेट मिसिंग डेडलाइन्स," म्हणाले.

गेलो तर तिच्यासाठी जाईन, की एकटं राहवत नाही म्हणून? या दोन गोष्टी वेगळ्या आहेत असं कालपर्यंत वाटत होतं. गेलो तर रात्रपाळी, परत सगळं तेच. ती पुन्हा हळू आवाजात कुकर लावणार. राहिलो तर ही खिडकी. सकाळी धाटावच्या कंपन्यांच्या बसेस पुलावरून जातात आणि मग शांतता. हीच हवी होती. खरंच हवी होती. एकट्याला नको होती, एवढंच सांगायचं राहिलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

परवा बॅग काढली. अर्धी भरली. दोन दिवस तशीच उघडी, जाता-येता अडखळतो.

वि.नं शाळेला अजून काही कळवलेलं नाही. उद्या कामाचा शेवटचा दिवस, तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी.

कालपासून उजवा गुडघा दुखतोय. निडीला उकिडवा बसलो तेव्हापासूनच कुरकुर होती.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पुलावर. सोमीकडे शेंगा नव्हत्या. "वाल सरलं. आता करवंदांना येन."

मी म्हटलं, तेव्हा मी असेन की नाही माहीत नाही.

"कुठं जातांव?"

"बायकोकडे. कदाचित. नाहीतर ती इकडे येईल."

"कोन जानार कोन येनार, त्यो काय मी सांगू? तिला इचारलाव का?"

"नाही. म्हणजे, तसं नाही."

"तं मना काय सांगतांव हितं उभं रावून." आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. मी निघालो तर मागून हाक: "मडका फोडू नका त्यो. बारका हाय तरी दही लावायला व्हयल."

घरी आलो. लिहायला बसलो. पहिला खर्डा दोन पानं झाला. त्यात कुंडलिका होती, तीस वर्षं होती, रिकामी खुर्ची होती. चांगला होता. फाडला. मग फोनवर लिहिलं:

"मला एकट्याला राहवत नाही. तू ये. नाही जमत तर मी उद्या निघतो. तुला ज्याचा राग कमी येईल ते कर."

शेवटचं वाक्य काढलं. लेख झाला असता. ११.४० ला पाठवलं.

११.४६, तिचं उत्तर: "बातमी आहे ना?"

"बातमी."

"मुलं आहेत समोर. तास संपला की फोन करते."

त्यांचा तास संपायला वीसेक मिनिटं असतील. बॅग मिटवत नाही, रिकामीही करत नाही. मांडणीवरची बाटली काढली. झाकण घट्ट बसलं होतं, तीन महिने कुणी उघडलं नव्हतं. चिठ्ठीत लिहिल्याप्रमाणे चोळलं नाही, नुसतं मुरवतोय. जरा बरं वाटतंय. फोन वाजला तर तेलकट हातानंच घेईन.